तिरळा डोळा आणि मागे राहिलेले मूल



कयाधूच्या काठचे कोणतेही एक गाव डोळ्यांसमोर आणा. नरसीच्या वाटेवरचे म्हणा, नाही तर कळमनुरीकडचे म्हणा. हळदीची काढणी चालू आहे, बायामाणसे शेतात गेली आहेत. एका घराच्या ओसरीवर आजी बसली आहे आणि तिच्या मांडीला टेकून चार वर्षांचे पोर. पोर अजून आपल्या पायांवर उभे राहत नाही. बोलणे म्हणजे दोन-चार हुंकार. डावा डोळा नाकाकडे वळलेला. अंगणवाडीची ताई येते आणि सांगते, "आजी, उद्या तपासणीची गाडी येणार आहे. पोराला घेऊन या." आजी म्हणते, "त्याला कशाला नेऊ, बाई? त्याला चालता येईना, बोलता येईना. डोळ्याचं काय घेऊन बसलीस?"

आजीचे हे बोलणे निर्दयपणाचे आहे असे कोणी समजू नये. रात्री-अपरात्री त्या पोराला मांडीवर घेऊन जागणारी तीच. तिला वाटते, एवढे मोठे दुखणे असताना हे लहान दुखणे कशाला उकरून काढायचे? आणि मौज अशी, की हा प्रश्न एकट्या आजीचा नाही. शहाण्यासुरत्या डॉक्टरांनीसुद्धा तो पुष्कळ वर्षे असाच विचारला. त्या प्रश्नाची हकिकत आज तुम्हांला सांगणार आहे. हकिकत दूर देशी सुरू होते, वाटेत आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातून जाते आणि शेवटी आपल्या शाळेच्या दारात येऊन थांबते.

आधी तिरळेपणा म्हणजे काय ते पाहू. आपले दोन डोळे म्हणजे एका जुवाखालची बैलजोडी. दोघांनी एकाच दिशेने चालायचे. प्रत्येक डोळ्याला बाहेरून सहा स्नायू लागलेले असतात, चार सरळ आणि दोन तिरके. हे झाले कासरे. कासरे धरणारा गडी म्हणजे मेंदू. कासरा आखूड झाला, सैल पडला किंवा धरणाऱ्या हाताचा अंदाज चुकला, की एक बैल बांधाकडे ओढू लागतो. डोळा नाकाकडे वळतो, नाही तर कानाकडे जातो. क्वचित वर किंवा खाली.

मोठ्या माणसाचा डोळा असा एकाएकी वळला तर त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. लहान मुलाचा मेंदू मात्र फार हुशार. तो दोहोंपैकी एक चित्र टाकूनच देतो. पण त्या हुशारीची किंमत पडते. टाकलेल्या डोळ्याची नजर हळूहळू मंद होते. यालाच डॉक्टर आळशी डोळा म्हणतात. वरून पाहावे तर डोळा धडधाकट, पण मेंदूने त्याच्याशी अबोला धरलेला.

आता ज्या मुलांची वाढ मागे राहते, त्यांच्यात हा दोष फार आढळतो. साधारण मुले शंभर घेतली तर त्यांत दोन ते चार तिरळी निघतात. पण ज्यांच्या मेंदूला जन्माच्या सुमारास इजा होऊन हातपाय आखडलेले असतात, म्हणजे ज्याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, त्या मुलांत पुष्कळ पाहण्यांमध्ये हे प्रमाण निम्म्याच्या आसपास भरले आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांतही ते असेच मोठे असते. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या मुलांतही ते जास्त असते. कारण उघड आहे. इथे नुसता कासरा बिघडलेला नसतो. कासरा धरणारा हातच थरथरत असतो. एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पुढची सगळी कथा तिच्यावरच उभी आहे.

माणसाने या वाकड्या नजरेवर फार जुन्या काळापासून उपाय शोधले. आपल्या सुश्रुताने मोतीबिंदूवर शस्त्र चालवले, हे गुरुजी तुम्ही वर्गात शिकवता. तिरळेपणावर मात्र जगात कुठेही खात्रीचे शस्त्र नव्हते. सातव्या शतकातल्या पौलस नावाच्या ग्रीक वैद्याने तान्ह्या मुलाच्या तोंडावर भोकांचा मुखवटा बांधावा, म्हणजे मूल समोर पाहायला शिकेल, असे सुचवले. जर्मनीतल्या बार्टिश या नेत्रवैद्याने १५८३ साली छापलेल्या ग्रंथात अशा मुखवट्यांची चित्रेच दिली आहेत. १७४३ साली फ्रान्समधल्या ब्यूफाँ या शास्त्रज्ञाने त्याहून शहाणपणाची गोष्ट सांगितली. चांगला डोळा काही काळ झाकून ठेवा, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावे लागेल. हा उपाय आजही चालतो.

त्याच शतकात जॉन टेलर नावाचा एक इंग्रज डोळेवाला गावोगाव हिंडत असे. आठवडी बाजारात गाडीवर उभे राहून औषधे विकणारे आपण पाहतोच. हा त्यांचाच थोर भाऊ. १७५० साली याने बाख नावाच्या जर्मन संगीतकाराच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया केली. बाखची दृष्टी गेली आणि त्याच वर्षी तो वारला. तिरळ्या डोळ्यावर टेलर काय करी, ते मोठे गमतीचे सांगतात. वाकड्या डोळ्याला वरवर चीर द्यायची आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधायची. चांगला डोळा झाकला की वाकडा डोळा आपोआप समोर पाहू लागतो. लोक टाळ्या वाजवत. पट्टी सुटायच्या आत टेलरसाहेब पैसे घेऊन पुढच्या गावाला गेलेले असत.

खरा उपाय निघाला तो डोळ्याच्या वैद्याकडून नव्हे, पायाच्या वैद्याकडून. जर्मनीत हॅनोव्हर शहरी स्ट्रोमायर नावाचे शल्यवैद्य होते. जन्मापासून किंवा आजारामुळे वाकडा झालेला पाय सरळ करण्यासाठी त्यांनी १८३१ सालापासून एक युक्ती चालवली. कातडीला बारीकसे छिद्र पाडून आत आखडलेली शीर, म्हणजे स्नायूचा दोर, तेवढा कापायचा. त्यांच्याकडे १८३६ साली विल्यम लिटल नावाचा एक तरुण इंग्रज डॉक्टर स्वतःचा पाय घेऊन आला. लहानपणच्या आजाराने त्याचा एक पाय वाकला होता. स्ट्रोमायरनी तो सरळ केला. लिटलने ती विद्या शिकून घेतली. बरा झालेला पाय घेऊन तो बर्लिनला गेला आणि तिथल्या नामांकित शल्यवैद्यांनी, डीफेनबाख यांनी, तो पाहिला.

पायाचा दोर कापून पाय सरळ होतो, तर डोळ्याचा का होऊ नये? १८३८ साली स्ट्रोमायरनी मृतदेहांवर करून पाहून हा विचार ग्रंथात मांडला. २६ ऑक्टोबर १८३९ रोजी डीफेनबाखनी तो जिवंत माणसावर अमलात आणला. रोगी होता सात वर्षांचा मुलगा, डोळा नाकाकडे वळलेला. भुलीचे औषध अजून जगात निघायचे होते. मुलाला माणसांनी धरून ठेवले, पापण्या ओढून धरल्या आणि नाकाकडचा स्नायू कापला. डोळा सरळ झाला.

आणि तो लिटल? तो लंडनला परत गेला. तिथे त्याने वाकड्या हातापायांच्या गोरगरिबांसाठी इस्पितळ काढले. वर्षानुवर्षे तो आखडलेली, अवघडलेली मुले पाहत राहिला. १८६१ साली त्याने लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या सभेपुढे एक निबंध वाचला. जन्मताना मूल गुदमरले, प्रसूती फार अडली किंवा दिवस भरण्याआधी मूल जन्मले, तर त्याच्या मेंदूला इजा होते आणि पुढे त्याचे हातपाय ताठरतात, असे त्याने अनेक मुलांच्या नोंदी देऊन सांगितले. हाच तो सेरेब्रल पाल्सीचा विकार. त्याला पुष्कळ काळ 'लिटलचा आजार' म्हणत.

पाहा, मंडळी. तिरळ्या डोळ्याची शस्त्रक्रिया आणि मागे राहिलेल्या मुलांचे शास्त्र, ही दोन्ही एकाच चुलीवर भाजलेल्या भाकरी. एका वाकड्या पायाच्या वैद्यकीतून ती दोन्ही निघाली. पण नंतर त्यांची ताटातूट झाली, ती जवळजवळ शंभर वर्षे.

त्याचे एक कारण असे, की नवी विद्या हाती आली की माणूस हुरळतो. १८४२ साली डीफेनबाखनी पुस्तक लिहिले, तेव्हा त्यांच्या नोंदीत बाराशेच्या आसपास रोगी होते. तीन वर्षांत बाराशे! युरोपभर जो तो शल्यवैद्य कात्री घेऊन बसला. स्नायू पुरता तोडून सोडून दिला की तो मागे कुठे जाऊन चिकटेल याचा नेम नसे. आज नाकाकडे पाहणारा डोळा काही वर्षांनी कानाकडे पाहू लागे. आणखी एक गोष्ट सांगतो. डीफेनबाखना वाटले, तोतरेपणाही स्नायूच्या ओढीमुळेच होत असेल. १८४१ साली त्यांनी तोतऱ्या रोग्यांच्या जिभेच्या मुळाशी शस्त्र चालवले. रक्ताचे पाट वाहिले आणि तोतरेपणा तसाच राहिला. ती पद्धत लवकरच बंद पडली. माणूस थोर होता, पण कासरा बिघडला आहे की हात, हे त्याने तपासून पाहिले नाही.

पुढच्या पिढीने सबुरीने काम केले. बर्लिनच्या ग्रेफे यांनी १८५० नंतरच्या दशकात स्नायू किती आणि कसा सोडावा याचा हिशेब बसवला. हॉलंडच्या डोंडर्स यांनी १८६४ सालच्या ग्रंथात दाखवून दिले, की पुष्कळ मुलांचा डोळा नाकाकडे वळतो तो चष्म्याच्या नंबरामुळे. योग्य चष्मा दिला की कित्येकांना शस्त्राची गरजच उरत नाही. ग्रेफेंचेच शिष्य हिर्शबर्ग यांनी सोपी परीक्षा शोधली. मेणबत्ती समोर धरायची आणि तिचा ठिपका दोन्ही बुबुळांत एकाच जागी पडतो का ते पाहायचे. १९२२ साली अमेरिकेत जेम्सन यांनी स्नायू कापून मोकळा सोडण्याऐवजी तो मोजून मागे सरकवून टाक्याने पक्का करण्याची रीत मांडली. आजची शस्त्रक्रिया मुख्यतः तीच आहे. घट्ट कासरा मागे सरकवायचा, सैल कासरा आखूड करायचा, आणि सगळे मिलिमीटरने मोजून.

आता हैदराबादची गोष्ट. आपला हिंगोलीचा मुलूख १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता हे वडीलधाऱ्यांकडून तुम्ही ऐकले असेल. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्याच राज्याच्या राजधानीत लहान मुलांच्या शस्त्रक्रियेशी निगडित एक मोठा वाद खेळला गेला. १८४६ साली अमेरिकेत ईथरची आणि १८४७ साली स्कॉटलंडमध्ये क्लोरोफॉर्मची भूल निघाली. मुलांना धरून ठेवण्याचा छळ संपला. पण क्लोरोफॉर्म देताना मधूनच एखादा रोगी दगावे. का, ते कळेना. हैदराबादेतले शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांचे म्हणणे असे, की श्वासाकडे लक्ष ठेवा, नाडीकडे पाहू नका. श्वास आधी बंद पडतो, हृदय नंतर. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी पैसा दिला. १८८८ साली एक आणि १८८९ साली दुसरे, असे दोन आयोग हैदराबादेत बसले. दुसऱ्या आयोगासाठी 'लॅन्सेट' या साप्ताहिकाच्या वतीने लंडनहून ब्रंटन नावाचे तज्ज्ञ आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने निघाला. या कामात रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टर होत्या. पुढे त्यांनी हैदराबादच्या इस्पितळांत वर्षानुवर्षे भूल दिली. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचे नाव घेतात.

हैदराबादचा निष्कर्ष अर्धाच खरा निघाला. १९११ साली इंग्लंडमध्ये लेव्ही यांनी दाखवले, की क्लोरोफॉर्ममुळे कधी कधी हृदयच एकाएकी बंद पडू शकते. त्याआधी १९०८ साली आणखी एक गोष्ट उघडकीस आली होती. डोळा दाबला किंवा त्याचा स्नायू ओढला, तर नाडी मंदावते. तिरळ्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेत स्नायू ओढावाच लागतो. म्हणून आजचा भूलतज्ज्ञ श्वासही पाहतो आणि नाडीही पाहतो. नाडी उतरली की शल्यवैद्याला सांगतो, "जरा थांबा." स्नायू सैल सोडला की बहुतेक वेळा नाडी पूर्ववत होते. क्लोरोफॉर्म आज वापरात नाही. पण हैदराबादच्या त्या वादाने भूल देणे हे स्वतंत्र जबाबदारीचे काम आहे, हे जगाला शिकवले.

एवढे सगळे झाले तरी मागे राहिलेले मूल रांगेत शेवटीच उभे होते. डॉक्टर म्हणत, याला भूल देणे धोक्याचे. हा चष्म्याच्या तपासणीला दाद देत नाही. याचा कोन आज एक, उद्या दुसरा, मोजायचा कसा? आणि शस्त्रक्रिया करूनही दोन्ही डोळ्यांनी मिळून पाहणे याला जमेलच असे नाही. यातला प्रत्येक मुद्दा थोडाफार खरा होता. पण त्याखाली एक मुद्दा न बोललेला असे: "याला काय उपयोग?" म्हणजे आपल्या आजीचाच प्रश्न.

या प्रश्नाला उत्तर मिळायला लागले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. अमेरिकेत ह्युबेल आणि वीझल या दोघा शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात मांजराच्या पिलांवर प्रयोग केले. पिलाचा एक डोळा लहानपणी काही आठवडे बंद ठेवला, तर नंतर तो उघडूनही मेंदू त्याच्याकडे लक्ष देत नाही असे आढळले. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला तर काही बिघडत नाही. याचा अर्थ, पाहायला शिकण्याचा एक हंगाम असतो. पेरणीची वाफ निघून गेली की बी कितीही चांगले असो, उगवण कमीच. या कामाबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मग साहजिकच विचार आला, की जे मूल आधीच मागे आहे, त्याचा तर हा हंगाम मुळीच चुकता कामा नये.

त्याच सुमारास डॉक्टरांनी अशा मुलांवर शस्त्रक्रिया करून नोंदी ठेवायला सुरुवात केली. त्यातून जे कळले ते सरळ सांगतो, फुगवून नाही. पुष्कळ मुलांचे डोळे चांगले सरळ होतात. पण नेम साधारण मुलांइतका पक्का नसतो. काहींचा डोळा गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि बाहेरच्या बाजूला जातो. म्हणून काही शल्यवैद्य स्नायू थोडा कमी सरकवतात. काहींच्या अनुभवाने नेहमीचेच माप ठीक पडते. दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागू शकते. आणि एक जात अशी आहे, की मुलाचा डोळा घटकेत आत, घटकेत बाहेर जातो. हा थरथरत्या हाताचा दोष आहे. तिथे सहसा शस्त्र चालवीत नाहीत, कारण आज कासरा कमी-जास्त केला तरी उद्या हात वेगळाच ओढणार.

आता उपयोगाचे पाहू. शस्त्रक्रियेने मूल चालू लागणार नाही, बोलू लागणार नाही, पाढे म्हणू लागणार नाही. जो असे वचन देईल तो टेलरसाहेबांचा वंशज समजावा. मग होते काय? आत वळलेला डोळा सरळ झाला की मुलाला बाजूचे जास्त दिसते. ज्याला मान पुरती वळवता येत नाही त्याच्या दृष्टीने ही काही लहान गोष्ट नाही. वेळेवर झाले, तर काही मुलांना दोन्ही डोळ्यांनी मिळून थोडेफार पाहणे साधते. आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. ज्या मुलाला शब्द नाहीत, त्याचे बोलणे नजरेतच असते. त्याला पाणी हवे तर ते तांब्याकडे पाहते. आई आली की आईकडे पाहते. डोळा भलतीकडे वळलेला असला की समोरच्याला वाटते, हे आपल्याकडे पाहतच नाही, याला काही कळत नाही. मग कोणी त्याच्याशी बोलतही नाही. नजर जुळली की माणूस बोलतो. हा उपयोग झाला की नाही, ते तुम्हीच ठरवा.

शस्त्रक्रियेआधी काही पायऱ्या असतात. पहिली पायरी, डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करणे आणि नंबर काढणे. मुलाला अक्षरे वाचता येण्याची गरज नसते. डॉक्टर उजेडाच्या झोताने नंबर काढतात. दुसरी पायरी चष्मा. तिसरी, लागल्यास चांगल्या डोळ्यावर रोज ठरावीक वेळ पट्टी. एवढे करूनही डोळा वाकडा राहिला आणि वाकडेपणाचे माप काही महिने स्थिर असले, की शस्त्रक्रियेचा विचार. भुलीआधी मुलाची पूर्ण तपासणी होते. डाऊन सिंड्रोमच्या मुलांपैकी निम्म्यांच्या आसपास हृदयात जन्मजात दोष असतो, म्हणून हृदय आणि मान तपासतात. झटक्यांचे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे आणि त्यांनी सांगितल्याखेरीज बंद करू नये.

आपल्याकडे पुष्कळांना वाटते, की या शस्त्रक्रियेत डोळा बाहेर काढून ताटलीत ठेवतात आणि मग परत बसवतात. असे काही नसते, बरं का. डोळा आपल्या खोबणीतच राहतो. वरचे पातळ आवरण उघडून स्नायू सरकवतात आणि विरघळणारे टाके घालतात. बुबुळाला हात लागत नाही. काही आठवडे डोळा लाल दिसतो. बहुतेक मुले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. चष्मा आणि पट्टी नंतरही लागू शकते, हे मात्र विसरू नका.

आता गावात काय पाहायचे? तान्ह्या मुलाचे डोळे पहिले तीन-चार महिने मधूनमधून फिरतात, त्याचे भय नको. नाकाचा पाळणा रुंद असला तर सरळ डोळाही वाकडा भासतो. पण चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे. टॉर्चचा उजेड हातभर अंतरावरून कपाळाच्या रोखाने धरा आणि ठिपका दोन्ही बुबुळांत सारख्या जागी आहे का ते पाहा. हिर्शबर्गांची परीक्षा ती हीच. मूल मान एका बाजूला कलवून पाहते का, एक डोळा मिटते का, तेही पाहा. आणि बाहुलीत पांढरी चकाकी दिसली, तर एक दिवसही थांबू नका. तो डोळ्यातल्या गाठीचा किंवा मोतीबिंदूचा इशारा असू शकतो. जे बाळ चौतीस आठवड्यांच्या आत जन्मले किंवा ज्याचे वजन दोन किलोपेक्षा कमी होते, त्याचा नेत्रपटल जन्मानंतर महिन्याच्या आत तपासून घ्यावा लागतो.

गुरुजी, बाई, तुम्हांला आणखी एक विनंती. वर्गात 'चकण्या' म्हणून हाक मारणारी मुले असतात. ती हाक बंद करणे हे निम्मे औषध आहे. पट्टी बांधून येणाऱ्या मुलाला पुढे बसवा आणि पट्टी का बांधली ते इतरांना समजावून सांगा. मुले थट्टा करतात म्हणून पट्टी सुटली, की सगळे मुसळ केरात.

सोय कुठे आहे, असे तुम्ही विचाराल. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी हे त्याचे काम. डॉक्टरांचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यायचे असते. जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतला उशीर अशा चार गोष्टी ते पाहतात. नजरेचा दोष त्यातच येतो. दोष आढळला तर पुढचा उपचार मोफत व्हावा अशी योजना आहे. पुढचे काम जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे जाते. आपला जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शेजारी नांदेडला पूर्वीपासून आहे. हिंगोलीच्या महाविद्यालयालाही २०२४ साली परवानगी मिळाली. लहान मुलांच्या तिरळेपणाचा तज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला मिळणार नाही, त्यासाठी प्रवास करावा लागेल. चिठ्ठी घेऊन ठेवा, तारीख विचारून घ्या आणि एक फेरी फुकट गेली म्हणून खचू नका.

पण पथक आले, गाडी आली, डॉक्टर आले, आणि तेच मूल घरी राहिले तर? असे घडते, मंडळी. तपासणीच्या दिवशी शाळेत हुशार पोरे स्वच्छ कपडे घालून रांगेत उभी असतात, आणि ज्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज, ते ओसरीवर आजीच्या मांडीला टेकून बसलेले असते. त्याला उचलून आणायला कोणी नसते. कोणाच्या हजेरीपटावर त्याचे नाव नसते, किंवा असले तरी पुढे गैरहजेरीची खूण असते.

१८३९ साली बर्लिनला पहिल्या मुलाचा डोळा सरळ झाला. आपल्या ओसरीवरचे पोर त्यानंतर पावणेदोनशेहून अधिक वर्षे थांबले आहे. पुढच्या खेपेला गाडी गावात येईल तेव्हा, गुरुजी, हजेरीपट हातात घ्या आणि जे मूल रांगेत दिसत नाही त्याच्या घरी एक माणूस पाठवा. आजीला सांगा, "आज याचा नंबर पहिला."